पाणी चित्र काढतं तेव्हा

बाजारातून आणलेल्या पांढऱ्या कॅनव्हासवर पातळ जलरंगाचा थेंब सोडला, तर तो पसरत नाही. अळवावरच्या पाण्यासारखा आकसून बसतो, कॅनव्हास कलला की ओघळून जातो. कारण त्या पांढऱ्या लेपात, म्हणजे गेसोत, ॲक्रिलिक असतं आणि ॲक्रिलिक पाणी शोषत नाही. कागदाचे तंतू मात्र पाणी आत ओढून घेतात, म्हणूनच जलरंग शतकानुशतकं कागदावर रमले. दिवाणखान्यासाठी कॅनव्हासवर जलरंगातलं अमूर्त चित्र करायचं, तर पहिलं काम कॅनव्हासला तहान लावण्याचं. त्यासाठी ‘वॉटरकलर ग्राउंड’ नावाचा सच्छिद्र लेप मिळतो. त्याचे दोन पातळ हात द्यायचे आणि निदान एक पूर्ण दिवस वाळू द्यायचं. मग त्या पृष्ठभागावर पाणी जे काही करू लागतं, ते बघत राहावं असं असतं.

जलरंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात : रंगद्रव्याची बारीक पूड आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा, प्रामुख्याने सुदानातून येणारा. पाणी या दोघांना हवं तिथे नेऊन सोडतं आणि स्वतः उडून जातं. वाळलेल्या चित्रात त्याचा थेंबही उरत नाही, पण प्रत्येक खूण त्यानेच केलेली असते.

कॅनव्हास आडवा ठेवून आधी स्वच्छ पाण्याने ओलवा आणि त्यात निळ्या रंगाचा कुंचला नुसता टेकवा. रंग ओलाव्याची वाट धरून पसरतो, कोरड्या भागाशी थबकतो. पृष्ठभाग अर्धवट वाळत आलेला असताना साध्या पाण्याचा एक थेंब टाका. जास्त ओलं कमी ओल्याकडे धावतं, जाताना कण ढकलत नेतं आणि मध्ये फिकट, कडेला गडद असा दातेरी फुलोरा उमटतो. चित्रकार त्याला ब्लूम म्हणतात.

वाळलेल्या रंगाच्या काठावर दिसणारी गडद रेघ तर टेबलावरच्या चहाच्या डागातही असते. ती का उमटते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये केला. थेंबाची कड जागीच चिकटून राहते आणि तिथलं पाणी सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि सोबत कण घेऊन जातं. तुम्ही कुंचला खाली ठेवलेला असतो, तरी चित्र स्वतःची बाह्यरेषा काढतच असतं!

रंगांचे स्वभावही वेगळे. अल्ट्रामरीनचे कण तुलनेने मोठे. ते पृष्ठभागाच्या खळग्यांत बसतात आणि निळाईला वाळूसारखा रवाळपणा येतो. थॅलो ब्लूचे कण अतिसूक्ष्म. ते सलग, काचेसारखा नितळ थर देतात. अल्ट्रामरीनचं मूळ अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली निळाई त्याच दगडाची. फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त गिमे यांनी 1820च्या दशकात हा रंग कारखान्यात बनवायची रीत शोधली, म्हणून आज तो कुणालाही परवडतो.

ओल्या रंगाची चकाकी विझू लागली की खडेमिठाचे दाणे पेरा. प्रत्येक दाणा भोवतीचं पाणी ओढतो आणि तिथे फिकट चांदणी उमटते. त्याऐवजी स्पिरिटचा थेंब टाकला, तर तिथला पृष्ठताण एकदम घटतो. भोवतीचं जास्त ताणाचं पाणी द्रवाला बाहेर खेचतं आणि रंग गोलाकार मागे सरतो. हा परिणाम एकोणिसाव्या शतकातले इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांच्या नावाने ओळखला जातो.

घर किंवा झाड रंगवताना या करामतींना लगाम घालावा लागतो. अमूर्त चित्रात त्याच विषय होतात. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये 23 वर्षांच्या हेलन फ्रँकेनथेलर यांनी सुमारे सात फूट बाय दहा फुटांचा, कसलाही लेप नसलेला कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. रंग कापडात मुरला, तेलाचा असून जलरंगासारखा दिसला. ‘माउंटन्स अँड सी’ नावाच्या या चित्राने अमेरिकी अमूर्त कलेला नवी वाट दाखवली.

चित्र भिंतीवर लावण्याआधी एक काळजी घ्यायलाच हवी. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे ओला हात लागला तरी रंग उठतो. पूर्ण वाळल्यावर व्हार्निशच्या स्प्रेचे हलके, अनेक थर द्या. पहिले थर कुंचल्याने दिले तर रंग फरफटेल. स्प्रेचे थर बसले की चित्रावर काचेची गरज उरत नाही. थेट ऊन मात्र टाळा. अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू उन्हाला चांगले टिकतात, पण काही भडक गुलाबी लवकर विटतात. ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण पाहून घ्या.

विकतच्या छापील चित्रात जे मिळणार नाही, ते इथे मिळतं. तेच रंग घेऊन रत्नागिरीत जुलैमध्ये बसलात, तर दमट हवेत ओल तासन् तास टिकेल, रंग लांबवर एकमेकांत मिसळतील आणि कडा मऊ होतील. नागपुरात मे महिन्यात पाणी बघता बघता उडेल आणि काठ धारदार राहतील. टेबलाचा कल, पंख्याचा वारा, खोलीतली दमट किंवा कोरडी हवा, सारं त्या चित्रात नोंदलं जातं. म्हणून दोन लहान कॅनव्हास घ्या, त्याच रंगांनी एक पावसाळ्यात करा, दुसरा उन्हाळ्यात, आणि शेजारी शेजारी लावा. तुमच्याच घराचे दोन ऋतू एका भिंतीवर दिसतील.