बंदीतला एक सोमवार, घरातच



१ जूनला बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, ट्रॉलर आणि पर्ससीनवाले किनाऱ्याला. मालीम, शापोरा, कुटबण, खारीवाडा, कुठेही बघा, बोटी रांगेने उभ्या. मासळीच्या विणीचे दिवस, त्यात दर्या खवळलेला. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लायसन्स, डिझेल सबसिडी, इंजिनाची कामं यावर इथे नेहमीच लिहून होतं. आज जरा घरातलं लिहितो.

बाहेरचे लोक म्हणतात, तुमची काय मजा, दोन महिने सुट्टी! पण सुट्टी नेमकी कोणाची?

ट्रॉलरवरचे ओडिशा-झारखंडकडचे खलाशी मेअखेर आपापल्या गावी गेले. आपला तांडेल घरी आला. पहिले आठ दिवस त्याला झोपच लागत नाही. पहाटे तीनला उठून ओसरीवर येरझारा घालतो. मग उजाडलं की स्वयंपाकघरात डोकावतो आणि म्हणतो, हुमणात मीठ कमी आहे. दहा महिने ते घर बायकोने चालवलेलं असतं. विजेचं बिल, पोरांची फी, सासूची औषधं, सगळ्याची तिची एक रीत बसलेली असते. त्यात हा मधेच येऊन सुकाणू धरतो. घरात तांडेल ती, आणि आपण खलाशी, एवढं मान्य केलं तरी पहिल्या आठवड्यातली अर्धी भांडणं होणार नाहीत. (हे सेक्रेटरी म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतोय.) हातात वेळ आणि शेजारी बाटली, असे दोन महिने घालवणारेही आहेत. त्यांच्या घरच्यांना सुट्टी म्हणजे काय ते विचारा.

आणि बाजारात बसणाऱ्या आपल्या भगिनींना तर बंदीच नाही. मे महिन्यात पुरुमेंताची घाई. जून लागला की सुके बांगडे, गालमो, सुकी सुंगटं घेऊन बसायचं. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला संपते. त्यानंतर तिकडचं नुस्तं बर्फात घालून गाडीने इकडे येऊ लागतं. ते घ्यायला परत पहाटेचं उठणं आलंच. नवरा गोधडीत आणि बायको पावसात पाटी घेऊन बसची वाट बघतेय, हे आपल्या वाड्यावर कोणी बघितलं नाही असं नाही.

म्हणून आमच्या घरी गेली काही वर्षं बंदीतला एक सोमवार ठरवून ठेवतात. सोमवारच का, तर सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत नुस्तं शिजत नाही, बाजारात गिऱ्हाईक कमी. ती एक दिवस बसली नाही तर तोटा फार होत नाही. त्या दिवशी कुठे जायचं नाही. पणजीला नाही, धबधब्यावर नाही, सासुरवाडीलाही नाही. ऑफिसची चावी आदल्या दिवशी शिपायाकडे. फोन कपाटात. खर्च म्हणाल तर शून्य.

यंदाच्या सोमवारी सकाळपासून धो धो पाऊस. उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं लोणचं घेऊन दोघं बसलो. सोमवार, म्हणून किसमूर नाही! दुपारच्या भाजीला मी परसातला तायखिळा खुडून आणला, तिने फणसाच्या आठळ्या सोलल्या. नारळ मी खवला. खोबऱ्यात करवंटीचा काळा भाग आल्याचं तिने सांगितलं, पण भाजी दोघांनी पुसून खाल्ली. जेवणानंतर सवयीने मी पागेर शिवायला ओढला, तर तिने सुईच काढून घेतली. "आज जाळं नाही," म्हणाली. मग नुसतेच ओसरीवर बसलो. कौलावर पाऊस, समोर अंगणात पाणी. तासभर कोणी काही बोललं नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

मग ती म्हणाली, "अहो, पुढच्या हंगामात मी सहा दिवस नाही बसणार. चारच बसेन. गुडघे आता उठू देत नाहीत."

हंगामात हे बोलणं कधी झालं असतं? ती पहाटे चारला बाहेर पडते, मी रात्री सोसायटीचे हिशेब आवरून येतो. दोघांच्या मधे डबा, किल्ली आणि "गॅस संपलाय" एवढंच. त्या दिवशी मात्र वहीचं मागचं पान घेऊन बसलो. नुस्त्याची खरेदी, बर्फ, बसचं भाडं, सोपो, चहापाणी, सगळं मांडलं. दोन दिवस कमी बसली तर घरात किती कमी येईल तेही काढलं. आकडे घरचे आहेत, इथे देत नाही. पण तिच्या पाटीवर घराचा किती भार आहे ते कागदावर आलं, आणि मुलीचं बारावीचं वर्ष डोळ्यांसमोर आलं.

तिचं म्हणणं, दोन दिवस घरूनच फोनवर ऑर्डर घेईन, कापून साफ करून देईन. लोक त्याचे जास्त पैसे देतात, हे खरं आहे. अडचण जागेची आहे. बाजारातली ती जागा सासूबाईंपासून चालत आलेली. दोन दिवस रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या कोणाची पाटी असते. मग भांडत बसा. त्या दोन दिवसांना जावेला बसवावं असं मी सुचवलं. ती म्हणाली, "ती बसेल हो, पण मग उठेल का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी वीज गेली आणि बोलणं तिथेच राहिलं.

१ ऑगस्टच्या आत काय ते ठरवायला हवं. त्यासाठी जुलैतला आणखी एक सोमवार राखून ठेवला आहे. त्या दिवशी मी ऑफिसात नसेन. लायसन्सचे कागद घेऊन मंगळवारी या.