विश्लेषण : हेलिकॉप्टरला इंजिने दोन, पण मुख्य गिअरबॉक्स एकच! तो हलका, शांत आणि भरवशाचा करणे इतके अवघड का?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यात पुराने वेढलेल्या नागरिकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. हिंगोलीपासून लातूरपर्यंत अनेकांनी ती दृश्ये मोबाइलवर पाहिली. अशा वेळी वैमानिकाच्या कौशल्याची आणि इंजिनाच्या ताकदीची चर्चा होते. मात्र इंजिन आणि पाती यांच्या मधे बसलेल्या एका यंत्राकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते यंत्र म्हणजे गिअरबॉक्स. लष्करी हेलिकॉप्टरसाठी तो हलका, कमी आवाजाचा आणि न बिघडणारा करण्याची जगभर धडपड सुरू आहे.

ड्राइव्ह सिस्टीम म्हणजे नेमके काय?

टर्बाइन इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्या घेते. पाती तेवढ्या वेगाने फिरू शकत नाहीत. ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्यांचा व्यास १३.२ मीटर आहे. ही पाती मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरवली, तर त्यांच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्या सुमारे १२ पट होईल. म्हणून पात्यांचा वेग मिनिटाला काहीशे फेऱ्यांवर आणावा लागतो. हे काम मुख्य गिअरबॉक्स करतो. तोच शाफ्टच्या साह्याने शेपटाकडचा छोटा पंखाही फिरवतो. मुख्य गिअरबॉक्स, शाफ्ट आणि शेपटाकडचे गिअर मिळून ड्राइव्ह सिस्टीम तयार होते.

यात धोका कुठे आहे?

बहुतेक लष्करी हेलिकॉप्टरना दोन इंजिने असतात. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर उतरता येते. दोन्ही बंद पडली तरी पाती वाऱ्यावर फिरत राहतात आणि कुशल वैमानिक हेलिकॉप्टर खाली आणू शकतो. पण मुख्य गिअरबॉक्सला पर्याय नाही. तो तुटला किंवा जाम झाला, तर पातीच थांबतात किंवा निखळतात. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला तर ट्रॅक्टर शेतात उभा राहतो. हेलिकॉप्टरला ती सोय नाही.

मार्च २००९ मध्ये कॅनडाजवळ ‘एस-९२’ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधील तेलाच्या फिल्टरचे टायटॅनियम बोल्ट तुटले आणि तेल वाहून गेले. इशारा मिळाल्यानंतर सुमारे ११ मिनिटांत हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले; १७ जण दगावले. एप्रिल २०१६ मध्ये नॉर्वेत ‘सुपर प्यूमा’ जातीच्या हेलिकॉप्टरची मुख्य पाती हवेतच निखळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. गिअरच्या पृष्ठभागाखाली वाढत गेलेली भेग हे त्याचे कारण होते.

वजन कमी करण्याचा आटापिटा कशासाठी?

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे वजन चाकांना जमिनीवर पकड देते, त्यामुळे ते उपयोगी पडते. हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक जादा किलो उचलावाच लागतो. सियाचीनसारख्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना आधार कमी मिळतो. तिथे १०० किलो वाचले, तर एक सैनिक साहित्यासह नेता येतो किंवा तेवढे इंधन भरता येते.

पण वजन घटवण्याला मर्यादा आहे. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले. तिघेही कर्मचारी वाचले. त्यानंतर या ताफ्यातील नियंत्रण प्रणालीचे अॅल्युमिनियमचे काही दांडे बदलून पोलादी बसवण्यात आले. म्हणजे भरवशासाठी थोडे वजन स्वीकारण्यात आले. हे दांडे गिअरबॉक्सचा भाग नाहीत, मात्र पेच तोच आहे.

आवाज कुठून येतो?

जमिनीवरून ऐकू येणारा ‘फट-फट’ आवाज मुख्यतः पात्यांचा असतो. आतल्या सैनिकांना त्रास देते ती गिअरची कर्कश शीळ. दातांवर दात बसताना केसाहूनही बारीक फरक राहिला, तरी प्रत्येक वेळी सूक्ष्म धक्का बसतो. असे धक्के सेकंदाला शेकडो-हजारो वेळा बसतात आणि ते कंपन गिअरबॉक्सच्या आधारांतून सांगाड्यात शिरते. त्यामुळे कानाला इजा होते, संभाषण अवघड होते आणि धातूही लवकर थकतो.

कंपन रोखण्याचे महत्त्व हिंगोलीकरांना नवे नाही. औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पात आरशांना जमिनीच्या अतिसूक्ष्म हालचालींपासूनही वेगळे ठेवावे लागणार आहे. प्रमाण वेगळे असले तरी तत्त्व सारखे आहे : कंपन मुळातच कमी करायचे आणि उरलेले पुढे जाऊ द्यायचे नाही. ‘ध्रुव’मध्येही गिअरबॉक्स आणि सांगाडा यांच्यामध्ये कंपन अडवणारी यंत्रणा आहे.

उपाय काय शोधले गेले?

अमेरिकेचे लष्कर आणि ‘नासा’ यांनी १९८८ मध्ये एक संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. त्याची तीन उद्दिष्टे होती : वजन २५ टक्क्यांनी घटवणे, आवाज १० डेसिबलने कमी करणे आणि गिअरबॉक्स काढावा लागण्यापूर्वी सरासरी पाच हजार तास चालणे. १० डेसिबलची घट म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांश होणे.

त्या काळात अभ्यासल्या गेलेल्या ‘फेस गिअर’ची कल्पना पुढे ‘अपाचे एएच-६४ई’मध्ये वापरात आली. यात सपाट चकतीच्या तोंडावर दात असतात आणि ताकद दोन वाटांनी विभागून जाते. त्यामुळे जवळपास तेवढ्याच जागेतून अधिक अश्वशक्ती पात्यांपर्यंत पोहोचते. हीच हेलिकॉप्टर भारतीय हवाई दल आणि लष्कराकडे आहेत. ‘नासा’ने दात पोलादाचे आणि मधला भाग कार्बन तंतूंचा असलेले गिअरही तपासले, ते सुमारे २० टक्के हलके ठरले.

भारत कुठे आहे?

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘ध्रुव’साठी मुख्य गिअरबॉक्स आणि रोटरचे वरचे नियंत्रण एकाच आटोपशीर संचात बसवले. हीच बांधणी ‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरमध्ये आहे. मार्च २०२५ मध्ये १५६ ‘प्रचंड’साठी ६२ हजार ७०० कोटी रुपयांचे करार झाले. म्हणजे या संचाच्या भरवशावर येत्या काळात आणखी शेकडो जवान उडणार आहेत.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तपासाचा रोख पात्यांचा कोन बदलणाऱ्या ‘स्वॉशप्लेट’च्या तुटण्याकडे गेला आणि तिन्ही सैन्यदलांचा ‘ध्रुव’ ताफाही काही महिने जमिनीवर राहिला. एका भागाच्या बिघाडाने सीमेवरची रसद आणि बचावकार्य दोन्ही कसे अडते, हे त्यातून दिसले.

इशारा वेळीच मिळतो का?

गिअरबॉक्सच्या तेलात लोहचुंबक बसवलेला असतो. झिजलेल्या धातूचे कण त्याला चिकटले की वैमानिकासमोर दिवा लागतो. आधुनिक हेलिकॉप्टरमध्ये कंपन सतत मोजणारे सेन्सरही असतात. तरीही ही यंत्रणा परिपूर्ण नाही. नॉर्वेच्या अपघातात भेग वाढत असताना उपयोगी पडेल असा इशारा मिळालाच नाही. याउलट नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ कोसळलेल्या अमेरिकी ‘ऑस्प्रे’मध्ये धातूच्या कणांचे इशारे वारंवार आले होते. उड्डाण सुरूच ठेवले गेले, गिअर तुटला आणि आठ जण मृत्युमुखी पडले.

म्हणूनच गिअरचे शुद्ध पोलाद, दातांची अचूक घडण आणि हलके आवरण यांइतकेच महत्त्व आता बिघाड आधी ओळखण्याला आणि तेल संपल्यावरही किमान अर्धा तास चालू शकेल अशा रचनेला आले आहे. त्या अर्ध्या तासात हेलिकॉप्टर सुरक्षित उतरू शकते.