हिरवा ठिपका आणि न दिलेली हजेरी

रात्री सव्वाअकराची गोष्ट. विम्याच्या हप्त्याचं काहीतरी अडलं होतं म्हणून एका कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. उजव्या कोपऱ्यात चॅटची चौकट, तिच्या डोक्यावर हिरवा ठिपका आणि शेजारी 'आम्ही ऑनलाइन आहोत'. मी बापडा नमस्कार-चमत्कार करून अडचण लिहिली. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी साडेदहाला, ऑफिस उघडल्यावर. मधल्या वेळात मी दोनदा डोकावलो, तर ठिपका आपला हिरवाच. शेवटी त्या पानाचा कोड उघडून पाहिला, तेव्हा कळलं की तो ठिपका कुणाला काही विचारतच नव्हता. हिरवा रंग देऊन एकदा चिकटवला होता, बस्स.

खरा ठिपका इतका आळशी नसतो. १९९६ साली इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीनं 'आयसीक्यू' नावाचा मेसेंजर आणला. त्याचं फूल आपल्या स्वतःच्या वेबपानावर लावायची सोय होती. पान कुणी उघडलं की त्या फुलाचं चित्र आयसीक्यूच्या सर्व्हरवरून मागवलं जाई. माणूस हजर असेल तर हिरवं फूल, नसेल तर लाल. युक्ती साधीच, पण प्रामाणिक. खोट एवढीच की पान उघडून झाल्यावर माणूस उठून गेला, तरी फूल हिरवंच राही.

याचं कारण वेबच्या स्वभावात आहे. ब्राउझरनं मागायचं, सर्व्हरनं द्यायचं आणि विषय संपला. सर्व्हर आपणहून तोंड उघडत नाही. हे म्हणजे पोस्टमन नसलेलं गाव: 'पत्र आलंय का?' हे आपणच पोस्टात जाऊन विचारायचं. सुरुवातीची चॅट अशीच चालायची. ब्राउझर दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारी, बहुतेक वेळा 'नाही' ऐकून परते. मग कुणीतरी शक्कल काढली की सर्व्हरनं 'नाही' म्हणायचंच नाही. प्रश्न हातात धरून थांबायचं आणि काही आलं की मगच उत्तर द्यायचं. पुष्कळ वर्षं यावर निभावलं.

डिसेंबर २०११ मध्ये 'वेबसॉकेट'चं मानक प्रसिद्ध झालं. यात ब्राउझर नेहमीसारखीच एक मागणी पाठवतो, फक्त जोडीला सांगतो की आता बोलण्याची पद्धत बदलू या. सर्व्हर १०१ हा आकडा पाठवून होकार देतो, आणि तिथून पुढे तार उघडीच राहते. कुणीही, कधीही बोलावं. पाकीटही हलकं असतं. मराठीत 'हो' लिहायला ६ बाइट लागतात, आणि सर्व्हर तो 'हो' ज्या वेष्टनात घालून पाठवतो ते अवघं २ बाइटांचं. जुन्या पद्धतीत प्रत्येक फेरीला शेकडो बाइटांचं बाड वाहावं लागे.

निरोप असा पोचला. हजेरीचं काय? ते प्रकरण जास्त अवघड आहे. वर्गात बाई नाव पुकारतात, हजर असलेला मुलगा 'हजर' म्हणतो. 'गैरहजर' असं मात्र कुणी ओरडत नाही. ते बाईंना शांततेवरून ठरवावं लागतं. सर्व्हरचं तेच. चॅटची खिडकी नीट बंद केली तर ब्राउझर जाताना सांगून जातो. पण पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली आणि रेंज गेली, तर फोनला 'येतो' म्हणायचीही उसंत मिळत नाही. सर्व्हरच्या बाजूला तार शाबूत दिसते, कारण कुणी बोलत नाही हा काही गुन्हा नव्हे. लिनक्सची यंत्रणा तर अशी मुकी तार जिवंत आहे का हे तपासायचं म्हटलं, तरी मूळ मांडणीप्रमाणे आधी २ तास वाट पाहते.

म्हणून चॅट बांधणारे स्वतःचे ठोके घालतात. समजा, दर ३० सेकंदांनी सर्व्हर 'पिंग' म्हणतो, पलीकडून 'पाँग' यायला हवं. दोनदा आलं नाही की ठिपका करडा. हे अंतर किती ठेवायचं यावर मात्र एकमत होणं कठीण. कमी ठेवलं तर प्रत्येक बोगद्याला ठिपका लुकलुकतो, शिवाय फोनला सारखं जागं व्हावं लागून बॅटरी उतरते. जास्त ठेवलं तर गेलेला माणूस बराच वेळ बसलेला दिसतो. म्हणजे चोख ठिपकासुद्धा 'आहे' असं सांगत नाही, 'मघापर्यंत होता' एवढंच सांगतो. तेही फोनबद्दल. फोन ओट्यावर उघडा टाकून माणूस दारात दूधवाल्याशी हिशोब करत असेल, तर ठिपक्याला ते कुठून कळणार? 'ऑनलाइन दिसत होतास, मग बोलला का नाहीस?' असं विचारणाऱ्या आमच्या मावशीला हे मी अजून पटवू शकलेलो नाही.

खर्चाचा हिशोब तर उलटाच निघतो. एका माणसाचे २०० मित्र आहेत आणि तो दिवसातून ४० वेळा फोन उघडतो-मिटतो असं धरा. प्रत्येक येण्याजाण्याची खबर प्रत्येकाला द्यायची तर १६,००० निरोप झाले; त्यानं स्वतः लिहिले असतील पन्नास. फेसबुकनं २००८ मध्ये चॅट सुरू केली तेव्हा तिथल्या अभियंत्यांनाही हेच दिसलं होतं: निरोप पोचवण्यापेक्षा कोण आलं, कोण गेलं हे कळवत राहण्याचं ओझं जास्त. यावरचा शहाणा उपाय असा की ज्यानं त्या माणसाशी गप्पांची खिडकी उघडली असेल, त्यालाच खबर द्यायची. बाकीच्यांना तशीही ती नको असते.

गंमत म्हणजे व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघालं ते मुळात हजेरीसाठीच. नावापुढे 'जिममध्ये आहे', 'बॅटरी संपत आलीय' असं लिहिता यावं, एवढाच बेत होता. निरोपांची देवाणघेवाण मागून आली. आणि २०२२ मध्ये त्याच व्हॉट्सॲपला 'ऑनलाइन' असल्याचं लपवायची सोय द्यावी लागली.

तेव्हा दुकानदार, दवाखानेवाले, क्लासवाले, संकेतस्थळावर चॅट लावणार असाल तर अवश्य लावा. पण ठिपका लावायचा तर पलीकडे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या लॉगिनला बांधा. ते जमत नसेल तर सरळ पाटी लावा: 'सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. निरोप लिहून ठेवा, उत्तर देऊ.'