तीस सप्टेंबरचा पट

हिवरा आश्रम हे नाव निघाले की आपल्या जिल्ह्यातील माणसाला आधी आठवतो तो विवेकानंद जयंतीचा उत्सव. शेतात बसलेल्या लांबच लांब पंगती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येणाऱ्या पुऱ्या आणि वांग्याची भाजी. शुकदास महाराजांनी उभारलेला विवेकानंद आश्रम आणि त्याच्या शाळा-महाविद्यालयांमुळे मेहकर तालुक्यातील हे गाव शिक्षणाचे गाव म्हणून ओळखले जाते. महाराज २०१७ साली गेले, पण गावाची ही ओळख कायम आहे.

मोठ्या शाळेची बातमी पेपरात येतच असते. आज लिहायचे आहे ते लहान शाळेबद्दल. हिवरा आश्रमच्या आजूबाजूला काय किंवा आपल्या जिल्ह्यात कुठेही काय, लहान गावात आणि वस्तीवर गेले की जिल्हा परिषदेची तीच शाळा दिसते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, एक ध्वजाचा खांब, बाजूला स्वयंपाकाची खोली आणि भिंतीवर रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा. वर्ग पहिली ते चौथी, कुठे पाचवी. शिक्षक दोन, त्यातल्याच एकाकडे हेडमास्तरचा चार्ज. मुले पंधरा, अठरा, फार तर पंचवीस. या शाळेचे पुढे काय होणार, हा प्रश्न आता शिक्षणखात्यापुरता राहिलेला नाही. तो गावाचा झाला आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर गावाच्याच हाती आहे, हे फार थोड्या गावांना ठाऊक आहे.

आधी या शाळेचा दिवस कसा जातो ते पाहू. विदर्भात ऊन मोठे, म्हणून आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी सुरू होते. नेमकी ती पेरणीची घाई. आईबाप वावरात, आणि तिसरीतली पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात, हे चित्र गुरुजींना नवीन नाही. समजदार गुरुजी त्या लहानग्यालाही बसू देतात. परिपाठ होतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. मग पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. एका वर्गाला पाढे म्हणायला लावायचे आणि तेवढ्यात दुसऱ्याला शुद्धलेखन द्यायचे. खात्याच्या भाषेत याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. हे काम सोपे नाही, पण त्यात एक गंमत आहे. पहिलीचे पोरगे दुसरीचे धडे ऐकून ऐकून पाठ करते आणि पुढच्या वर्षी त्याला ते अवघड जात नाही.

दोन्ही शिक्षक हजर असतात त्या दिवशीची ही गोष्ट. एक जण केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एका खोलीत येतात. उरलेल्याच्या हातात खडू कमी आणि मोबाईल जास्त. आज इतकी मुले जेवली, आज इतकी हजर, अमुक माहिती आजच्या आज भरा. दहा मुलांच्या शाळेलाही कागद तितकेच भरावे लागतात जितके पाचशेच्या शाळेला. मात्र पाचशेच्या शाळेत ते भरायला हात जास्त असतात.

दुपारची खिचडी हा या शाळेचा कणा आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. आज ज्यांची लेकरे शाळेत आहेत त्यातल्या कित्येक बापांनी तो तांदूळ पिशवीत भरून आणलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत चूल पेटली. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असे माप आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब. अठरा लेकरांच्या शाळेत याचा अर्थ दिवसाला पावणेदोन किलोच्या वर तांदूळ, ३६० ग्रॅम डाळ आणि जेमतेम किलोभर भाजी. एवढ्याशा मालासाठी बाजाराला कोण जाणार? म्हणून लहान शाळेत भाजी बहुधा गावातूनच येते, आणि ज्याच्या मळ्यात वांगी-टोमॅटो आहेत त्याने दोन किलो पाठवले तर त्या दिवशी खिचडीला चव येते. शिजवणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही वर्षातले दहाच महिने. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण आणि सव्वीसपासून दोन. म्हणजे एक मूल कमी झाले तर एका घरची चूल अडचणीत येते.

अंड्याचेही असेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्याला केळे असा निर्णय झाला. माळकऱ्यांची मुले केळ्यावर खूश होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र पैसा सरकारने बंद केला आणि द्यायचेच असेल तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. लोकवर्गणी मोठ्या गावात होते. पंचवीस उंबऱ्यांच्या वस्तीवर ती कोणाकडून घ्यायची?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शाळेला शिक्षक किती मिळणार हे मुलांच्या संख्येवर, म्हणजे पटावर ठरते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पट कितीही लहान असला तरी दोन. परंतु १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळेसाठी नियमित शिक्षक एक, आणि दुसरा निवृत्त शिक्षकांतून, अशी तरतूद आली. त्याच वर्षी सप्टेंबरात कंत्राटी शिक्षकांचा निर्णय निघाला, पुढच्या वर्षी तो मागेही घेण्यात आला. या धरसोडीत गावाने एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे, की वीस हा आकडा ओलांडला नाही तर शाळा अडचणीत येते.

हा आकडा मोजला जातो ३० सप्टेंबरला. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, आणि तीही आधार जुळलेल्या मुलांचीच. इथे खरी मेख आहे. लेकरू रोज शाळेत येते, खिचडी खाते, पाढे म्हणते, पण आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये दुसरे. जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. कुणाचे बोटाचे ठसेच उमटत नाहीत, कुणाचे आधार काढलेलेच नाही. असे लेकरू वर्गात दिसते, मोजणीत दिसत नाही. बावीस मुलांच्या शाळेत अशी तीन निघाली की पट एकोणीस. शाळेत बावीस डोकी बसलेली असताना कागदावर ती वीसच्या आतली शाळा होते!

असा कडक हिशेब का आला याचेही कारण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लाखोंच्या संख्येने कागदी मुले सापडली. बोगस पट दाखवून तुकड्या आणि अनुदान घेणाऱ्यांनी जे केले त्याची फेड आता खरीखुरी मुले असलेली वाडी-वस्तीची शाळा करीत आहे.

पट घसरला की पुढे काय होते, तेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. मग सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना आली. आसपासच्या लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणायची, जाण्यायेण्याला गाडी द्यायची. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ हे नमुने म्हणून सांगितले गेले. वीसच्या आतल्या शाळा राज्यात तेव्हा १४,७८३ होत्या आणि त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, क्रीडांगण, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो हे खरे आहे. सहावी-सातवीच्या मुलाला त्याचा फायदाही आहे. पण पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोरीला गाडीत बसवून पाच किलोमीटरवर पाठवायचे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला, गाडी आलीच नाही, तर? आपल्या काळ्या जमिनीतले पांदण रस्ते पावसाळ्यात कसे असतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. राज्याच्या नियमातच पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. हे अंतर मुलाच्या पायांकडे पाहून ठरवलेले आहे.

शाळा दूर गेली की आधी घरी बसते ती मुलगी. एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास आहे, पण तो पाचवीपासून. पहिली ते चौथीच्या मुलीसाठी तो नाही, कारण तिची शाळा गावातच असणार असे धरलेले होते. १९९२ साली मागास आणि गरीब घरच्या याच लहान मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षे झाली तरी तो रुपयाचा सव्वा रुपया झाला नाही. अशा रुपयाने पोरगी पाच किलोमीटर जाणार नाही.

दुसरा फटका स्थलांतराचा. सोयाबीनची सोंगणी आटोपली, दिवाळी झाली की भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबे वीटभट्टीला, ऊसतोडीला, शहरात बांधकामाला जातात. पट ३० सप्टेंबरला मोजला जातो म्हणून ही मुले कागदावर राहतात, पण नोव्हेंबर ते मार्च वर्गात नसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांजवळ गावात राहावे आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत व्हावी, अशी ती व्यवस्था. त्यासाठी प्रस्ताव वेळेत जावा लागतो. कुटुंबे गाडीत बसल्यावर यादी करून उपयोग नाही. कोण जाणार हे गावात पोळ्यालाच सगळ्यांना माहीत असते.

आता गावकऱ्यांच्या तक्रारीही ऐकायला हव्यात. सकाळी कुठल्याही फाट्यावर उभे राहिले तर पिवळ्या गाड्या मुले भरून मोठ्या गावाकडे जाताना दिसतात. ‘‘आमचं पोरगं विंग्रजीत टाकलं’’ असे सांगताना बापाचा चेहरा फुलतो. काहून टाकलं, असे विचारले तर उत्तरे ठरलेली. गुरुजी शहरातून येणे-जाणे करतात, शाळेत शिकवण्यापेक्षा कागदच जास्त, एक गुरुजी रजेवर की शाळा बंद. यात तथ्य आहे. जिथे शिक्षक वेळेवर येत नाहीत तिथे पट टिकवा म्हणून गावाला उपदेश करण्यात काय अर्थ? पण दुसरी बाजूही बघावी. वर्षाला वीस-पंचवीस हजार फी आणि गाडीभाडे देऊन ज्या शाळेत मूल टाकले तिथले शिक्षक किती शिकलेले, त्यांना पगार किती, हे कुणी विचारत नाही. जि.प.च्या शिक्षकाने अध्यापनाची पदविका घेतलेली असते. त्याला जाब विचारायचा हक्कही गावाला आहे. त्या दूरच्या शाळेत पालकाला फाटकाच्या आत घेत नाहीत.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथली जि.प. शाळा तीन मुलांवर आली होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकरी यांनी ती पुन्हा उभी केली, आणि २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिला मिळाला. पुण्याजवळच्या गावाला देणगीदार सापडतात, आपल्याला कोण देणार, ही शंका रास्त आहे. पण तीन मुलांची शाळा बंद करायला निघालेल्या गावाने आधी मुले परत आणली, देणग्या नंतर आल्या, हा क्रमही लक्षात घ्यावा.

शाळा व्यवस्थापन समिती हे गावाचे हत्यार आहे आणि बहुतेक ठिकाणी ते गंजलेले आहे. कायद्याने तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच. पण बैठक होते ती सह्यांची, रजिस्टर घरोघर फिरते. या समितीचे वजन काय ते गणवेशाने दाखवून दिले. २०२४-२५ मध्ये राज्याने सगळ्यांना एकाच ठिकाणाहून कापड आणि शिलाई असा घाट घातला. गणवेश उशिरा आले, कुठे बाही लांब तर कुठे चड्डी तोकडी. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाला अधिकार पुन्हा समित्यांकडे द्यावे लागले. गावचा शिंपी पोराचे माप घेऊन शिवतो, ते काम मुंबईहून होत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले जुने ग्रामसेवक, यांच्याकडेही साधने आहेत. २०२१ ते २६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेची मुतारी आणि नळ त्यात बसतो. ज्या शाळेत मुलींची मुतारी वापरण्याजोगी नाही तिथून चौथीची मुलगी मधल्या सुट्टीत घरी जाते आणि पुष्कळदा परत येत नाही.

आणि आधारचे काम तर पैशाचे नाहीच. अंगणवाडीच्या सेविकेकडे सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी असते. ती शाळेच्या यादीशी ताडून पाहणे, ज्यांचे नाव-जन्मतारीख जुळत नाही त्यांना जन्माचा दाखला काढून देणे, आणि एक दिवस आधार दुरुस्तीचे यंत्र गावात आणवणे, हे पंचायतीने मनावर घेतले तर आठवडाभराचे काम आहे. ग्रामसभा साधारणपणे १५ ऑगस्टला होते आणि मग २ ऑक्टोबरला. शाळेचा विषय बहुतेक ठिकाणी २ ऑक्टोबरच्या सभेत निघतो, गांधी जयंती आणि स्वच्छतेच्या निमित्ताने. तोवर पट मोजून दोन दिवस झालेले असतात. पंधरा ऑगस्टच्या सभेच्या नोटीसवर हा विषय घ्यायचा असेल तर सचिवाला जुलैतच सांगावे लागते.