चित्रपटातील संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांचे मिश्रण

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• चित्रपटाच्या ध्वनिपटातील तीन घटक आणि त्यांची कार्ये सांगता येतील;
• एका ध्वनीमुळे दुसरा ध्वनी झाकला जाण्याची प्रक्रिया भाषावैज्ञानिक दृष्टीने स्पष्ट करता येईल;
• बोलीतील संवाद लिहिताना ध्वनिमिश्रणाचा विचार कसा करावा, हे सोदाहरण मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण पटकथा आणि संवादलेखन यांचा परिचय करून घेतला. संवाद कागदावर उतरला की लेखकाचे काम संपले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात कागदावरचे वाक्य प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला बराच प्रवास करावा लागतो. नट ते उच्चारतो, ध्वनिमुद्रक ते टिपतो, संकलक त्याची जागा ठरवतो आणि सर्वांत शेवटी ध्वनिमिश्रक ते संगीत व इतर आवाज यांच्या सोबतीला बसवतो. कोणता शब्द ऐकू यावा, कोणता अर्धवट ऐकू यावा आणि कोणता बुडून जावा, याचा निर्णय या शेवटच्या टप्प्यावर होतो. म्हणून ध्वनिमिश्रणाला संवादलेखनाचा अखेरचा खर्डा मानण्यास हरकत नाही. विशेषतः संवाद बोलीतला असेल, तर या टप्प्याला असाधारण महत्त्व येते. ते का, हे या घटकात पाहावयाचे आहे.

विवेचनासाठी आपण पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा परिसर निवडला आहे. हा परिसर तुम्ही पाहिला नसला तरी अडचण नाही. तुमच्या गावातील जत्रा, बाजार किंवा एस. टी. स्थानक डोळ्यांपुढे आणून हीच मांडणी तुम्ही तपासून पाहू शकता.

२. ध्वनिपटाचे तीन घटक

चित्रपटाचा ध्वनिपट तीन गटांत विभागून तयार केला जातो.

(अ) संवाद : यात चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित केलेले बोलणे येते, तसेच नंतर स्टुडिओत पडद्यावरील ओठांच्या हालचाली पाहून केलेले डबिंगही येते. चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज अंतिम चित्रपटात वापरला, तर त्याला ‘सिंक साउंड’ म्हणतात.

(आ) संगीत : याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. दृश्यातील पात्रांनाही ऐकू येणारे संगीत, उदाहरणार्थ दिंडीतील टाळ-मृदंग, हा पहिला प्रकार. केवळ प्रेक्षकांना ऐकू येणारे पार्श्वसंगीत हा दुसरा.

(इ) ध्वनिपरिणाम : दार लोटणे, पावले, मोटारपंप, पाऊस, गर्दीचा कल्लोळ इत्यादी. यांतील काही आवाज स्टुडिओत पडदा पाहून हातांनी निर्माण केले जातात. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढणे ही त्याची जुनी आणि सर्वपरिचित युक्ती. या कामाला जॅक फॉली या अमेरिकी तंत्रज्ञाच्या नावावरून ‘फॉली’ असे नाव पडले आहे.

प्रथम संवादांचे स्वतंत्र मिश्रण करतात, कारण बाकी सर्व आवाजांची पातळी संवादाच्या आधाराने ठरते. त्यानंतर परिणाम, मग संगीत आणि शेवटी तिन्हींचे एकत्र मिश्रण, असा सर्वसाधारण क्रम असतो. तिन्ही गट अखेरपर्यंत वेगळे जतन केलेले असतात. त्यामुळेच केवळ संवाद बदलून चित्रपट दुसऱ्या भाषेत नेता येतो.

३. मराठी चित्रपटातील तीन उदाहरणे

बोलपटांच्या आरंभीच्या काळात मिश्रणाला फारसा वाव नव्हता. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला, त्या काळी गाणेसुद्धा चित्रीकरण चालू असतानाच मुद्रित केले जाई; वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ साली, त्याच संस्थेच्या ‘कुंकू’ या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. प्रौढ वराशी फसवून लावून दिलेला विवाह हा त्या चित्रपटाचा विषय. घरातील घड्याळासारखे रोजचे आवाज तेथे अर्थवाहक होतात. काय वाटून घ्यावे, हे सांगणारे संगीत नसल्यामुळे प्रेक्षकाला ते आवाज आणि नीरेचे शब्द लक्षपूर्वक ऐकावे लागतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि धावणारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. येथे संगीत हे दृश्यातीलच आहे. त्या प्रसंगी एकही संवाद नाही, तरी समाजाविषयीचे एक मोठे विधान केले जाते.

त्यांच्याच ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले. उजनीच्या जलाशयाच्या एका अंगाला हा तालुका, तर दुसऱ्या अंगाला इंदापूर. अजय-अतुल यांच्या भरगच्च संगीताने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटाच्या शेवटी रक्ताळलेली पावले उमटवीत चालणाऱ्या मुलाचे रडणे दिसते, ऐकू मात्र येत नाही. एवढ्या सुरावटीनंतर आलेली ही नीरवता प्रेक्षकाला असह्य होते. तिन्ही घटक शून्यावर आणणे हाही मिश्रणाचाच निर्णय असतो, हे यावरून ध्यानात येईल.

४. ध्वनी झाकला जातो म्हणजे काय?

एक आवाज दुसऱ्याला झाकतो तो दोन कारणांनी : तो अधिक मोठा असतो किंवा तो त्याच वारंवारतेच्या पट्ट्यात असतो. यांपैकी दुसरे कारण भाषेच्या अभ्यासकाने नीट समजून घ्यावे.

मानवी बोलण्यातील स्वरांची बरीचशी शक्ती खालच्या आणि मधल्या वारंवारतांत असते. स, श, च, ज यांसारख्या वर्णांतील घर्षण मात्र साधारणतः २,००० ते ८,००० हर्ट्झ या वरच्या पट्ट्यात आढळते. स्वर आवाजाला भरीवपणा देतात. शब्दाची ओळख पटवण्याचे बरेचसे काम व्यंजने करतात. मराठीत ‘चार’ (संख्या) आणि ‘चार’ (गुरांना चार, असे म्हणताना) यांतील तालव्य आणि दंततालव्य ‘च’चा भेद लेखनात दिसत नाही. तो ऐकावाच लागतो आणि तो याच घर्षणावर अवलंबून असतो.

आता टाळ आणि मृदंग यांची तुलना करा. मृदंगाच्या धुमेचा नाद खालच्या पट्ट्यातला. तो स्वरांवर थोडा भार टाकतो, पण व्यंजनांना फारसा धक्का लावत नाही. टाळांचा धातूचा किणकिणाट मात्र नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात पसरतो. म्हणून दिंडीच्या दृश्यात संवाद ऐकू येत नसेल, तर सगळे संगीत सरसकट दाबण्याची गरज नसते. संवादापुरता टाळांचा तेवढा पट्टा उतरवला, तरी शब्द मोकळे होतात आणि दिंडीचा जोशही टिकतो. याउलट, संवादाचाच आवाज वाढवत नेला, तर नट गर्दीत नसून बंद खोलीत बोलतो आहे असे वाटू लागते.

५. बोलीवर दुहेरी संकट

ऐकताना आपण केवळ कानांनी ऐकत नाही. १९७० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातील एक वर्ण काढून तेथे खोकल्याचा आवाज भरला. श्रोत्यांना ते वाक्य अखंडच ऐकू आले. गाळलेला वर्ण त्यांच्या मनाने भरून काढला होता. ही भरपाई ओळखीच्या शब्दांच्या आधाराने होते. जो शब्द श्रोत्याच्या परिचयाचाच नाही, त्याची भरपाई त्याचे मन करू शकत नाही. उलट, ते त्या जागी ओळखीचा, पण चुकीचा शब्द बसवते.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना बेलवाडी येथे गोल रिंगण होते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली आई रिंगणात निघाली आहे. मुलगा तिला गाठून म्हणतो :

मुलगा : आये, ऐक की जरा.
आई : बोल की.
मुलगा : रान इकलं म्या.

ग्रामीण बोलीत ‘वि’ने आरंभ होणाऱ्या अनेक शब्दांतील ‘व’चा लोप होतो : विहीर – इहीर, विचार – इचार, विकलं – इकलं. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मुलाने जमीन विकल्याचे तत्काळ कळेल. ज्याला ते ठाऊक नाही, त्याचे काय होईल? ‘प’ हा ओठांचा स्फोट क्षणिक आणि दुबळा असतो. कल्लोळात तो सहज हरवतो. त्यामुळे ‘इकलं’ ऐकणारा श्रोता हरवलेला ‘प’ आपल्या मनाने जोडून ‘रान पिकलं’ असे ऐकण्याचा संभव आहे. घर बुडाल्याची वार्ता त्याच्या कानी सुगीची वार्ता होऊन पोहोचते.

अशा वेळी सोपा वाटणारा उपाय म्हणजे ‘शेत विकलं मी’ असे प्रमाण वाक्य डबिंगमध्ये घालणे. त्याने अर्थ कळतो, पण बोलणारा माणूस बदलतो. मग पडद्यावर बेलवाडीचा शेतकरी उरत नाही. त्याच्या वेशातला कुणी दुसराच बोलू लागतो. शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून बोलीच पुसून टाकण्यापूर्वी, त्या शब्दांना पुरेशी जागा दिली होती का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

६. लेखकाच्या हातातील उपाय

• अर्थाला दुसरा आधार द्या. ‘रान इकलं म्या. इसार घेतला.’ असे लिहिले, की व्यवहारातील ‘इसार’ हा शब्द पहिल्या वाक्याची साक्ष देतो आणि ‘पिकलं’ ही शक्यता मावळते.
• महत्त्वाचा शब्द आवाजाच्या खळात ठेवा. अश्व समोरून दौडत गेल्यानंतर क्षणभर जी ओसर येते, तेथे हे वाक्य यावे, अशी नोंद संहितेतच करा.
• ऐकणारे पात्र कोण, ते लिहा. त्यावरून मिश्रणाचा दृष्टिकोन ठरतो.

हा तिसरा मुद्दा वरील प्रसंगावरून स्पष्ट होईल. त्याचे मिश्रण किमान तीन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात टाळांचा पट्टा उतरवून संवाद स्पष्ट ठेवला, तर प्रेक्षकाला आणि आईला एकाच वेळी सत्य कळते. दुसऱ्या प्रकारात कल्लोळ तसाच राहू दिला, तर आई ‘पिकलं’ असे ऐकून समाधानाने हसते आणि बोली जाणणाऱ्या प्रेक्षकाला तिच्या आधी सत्य कळते. येथे झाकला जाणारा शब्द हीच नाट्याची जागा ठरते. तिसऱ्या प्रकारात ‘इकलं’ या शब्दानंतर सगळे रिंगण हळूहळू नि:शब्द होते, आईचा श्वास तेवढा उरतो आणि मग टाळ पूर्ववत सुरू होतात. संवाद तेच, चित्रीकरण तेच. कथा मात्र तीन झाल्या. तिन्हींत करुण बासरीची आवश्यकता नाही, हेही लक्षात घ्या. टाळांचा अखंड ठेका स्वतःच पुरेसा निर्दय आहे.

७. काही व्यावहारिक सूचना

रिंगणासारखा प्रसंग पुन्हा घडवता येत नाही. म्हणून गर्दीचे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावेत आणि गर्दी पांगल्यावर त्याच मोकळ्या रानात नटांकडून संवाद पुन्हा बोलवून घ्यावेत. चालून आलेला दम त्या आवाजात असतो. तो स्टुडिओत सहजी मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणी बोलत नसतानाचा परिसरध्वनी एक मिनिटभर टिपून ठेवावा, म्हणजे संवादांमधील सांधे झाकता येतात.

पातळी ठरवताना डेसिबलचे गणित लक्षात असावे. ३ डेसिबल कमी केले की ध्वनीची शक्ती निम्मी होते. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी करावे लागतात. तयार मिश्रण निरनिराळ्या साधनांवर ऐकावे. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः पडद्यामागील मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. मोबाइलच्या लहान ध्वनिक्षेपकातून मृदंगाची धूम जवळजवळ नाहीशी होते, टाळ मात्र राहतात. अशा वेळी संवाद अधिकच झाकले जातात.

८. समारोप

संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम हे तीन घटक एकाच कानाच्या दारातून आत येतात, म्हणून त्यांना एकमेकांसाठी बाजूला सरावे लागते. कोणी केव्हा सरायचे, हा निर्णय तांत्रिक साधनांनी अमलात आणला जात असला, तरी तो अर्थाचा निर्णय असतो. बोलीतील संवादाच्या बाबतीत तर एखाद्या समाजाचे बोलणे जसेच्या तसे ऐकले जाईल की नाही, हे त्यावरून ठरते. भाषेच्या अभ्यासकाने या निर्णयात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

(१) दृश्यातील संगीत आणि पार्श्वसंगीत यांतील फरक एकेक उदाहरण देऊन सांगा.
(२) मृदंगापेक्षा टाळांमुळे संवाद अधिक झाकले जातात. कारण द्या.
(३) ‘रान इकलं’ या वाक्याच्या आधारे बोलीतील संवादांपुढील अडचण स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या गावातील आठवडे बाजारात किंवा एस. टी. स्थानकावर एक मिनिटाचा परिसरध्वनी मोबाइलवर मुद्रित करा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तुमच्या बोलीतील पाच वाक्ये शांत खोलीत वदवून घ्या. दोन मोबाइलवर दोन्ही मुद्रणे एकाच वेळी लावा आणि ती बोली न बोलणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला ऐकवा. त्यांना कोणते शब्द कळले, कोणते निसटले आणि निसटलेल्या शब्दांच्या जागी त्यांनी कोणते शब्द ऐकले, याची तीन रकान्यांत नोंद करून संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.