सातशे ब्याण्णववरचं पुणे, नव्वदवरची बारामती

पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसरला ‘आकाशवाणी’ नावाचा बसथांबा आहे. शिवाजीनगरच्या केंद्रात बोललेला शब्द हडपसरच्या प्रक्षेपकातून हवेत जातो आणि बारामती, इंदापूरपर्यंत पोचतो. वीज, पक्की सडक आणि एस.टी. जिथे उशिरा आली, तिथेही हा आवाज आधी आला.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधी जयंतीला सुरू झालं. दोनच वर्षांत, १९५५च्या रामनवमीपासून, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण इथून प्रसारित होऊ लागलं. वर्षभरात छप्पन्न गीतं झाली आणि केंद्राचं नाव घरोघरी गेलं. पुण्याच्या केंद्राचा इतिहास बहुतेक वेळा इथेच थांबवला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी मोठी गोष्ट त्यानंतरची आहे.

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम लागायचा. असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि ऐकलेल्या विषयावर बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का, पैसा कुठून येईल, अडचण काय, हे सगळं तिथेच निघायचं. गावचा संयोजक त्याचा अहवाल केंद्राला पाठवी. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मग पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा सगळा क्रम होता. मूळ कल्पना कॅनडातली, १९४१ सालची.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना झाली. ज्ञानात ठळक भर पडली ती मंडळाच्या गावांत. नुसता रेडिओ वाजत होता तिथे फरक फारसा नव्हता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. चावडीवर रेडिओ ठेवून भागत नाही, त्याच्याभोवती बसून बोलणारी माणसं लागतात, हे आपल्याच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सिद्ध करून दाखवलं. पुढे १९५९पासून अशी मंडळं देशभर काढण्यात आली.

याच काळात, १९५५मध्ये, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दाखल झाले. माणदेशातला माणूस शेतकऱ्यांचे कार्यक्रम करतो म्हटल्यावर दुष्काळी भागाची बोली त्याला वेगळी शिकवावी लागत नव्हती.

आता लहरींबद्दल थोडं. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, त्यामुळे टेकडीआडच्या वस्तीवरही आवाज पोचतो. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरांवरून परततात. म्हणून अंधार पडल्यावर दूरदूरची परप्रांतीय केंद्रंही मध्येच डोकावू लागतात. सेट थोडा फिरवला की आवाज सुधारायचा, हे प्रत्येक ट्रान्झिस्टरवाल्याला ठाऊक. आतल्या फेराइटच्या कांडीवर लहर कुठल्या बाजूने येते, त्यावर ते ठरतं. वीज कडाडली की खरखर, शेजारच्या मोटारीचीही खरखर. एफएमवर हा त्रास जवळजवळ नाही, पण त्याची पोच साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच. प्रक्षेपक शंभर किलोवॅटचा होता म्हणून पुण्याचा आवाज बारामती तालुक्यात सुप्याच्या जिरायतीपासून नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीपर्यंत सारखा ऐकू यायचा. सकाळी सुधा नरवणे यांच्या आवाजात प्रादेशिक बातम्या ऐकूनच माणसं रानात जात.

बारामतीचं स्वतःचं एएम, म्हणजे मध्यम लहरींचं, केंद्र कधी झालं नाही. आज तिथे दोन सामुदायिक केंद्रं आहेत: विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर, आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर. अशी केंद्रं आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६च्या धोरणानंतर इतर बिगर-सरकारी संस्थांनाही काढता येऊ लागली. त्यांची शक्ती साधारण शंभर वॅटची, म्हणजे पुण्याच्या मोठ्या प्रक्षेपकाच्या शक्तीचा हजारावा भाग. पोच दहा-पंधरा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हा नियम मला जाचक वाटतो. तालुक्याची बातमी तालुक्याच्या केंद्राने का देऊ नये? पण उसाची लागण, जनावरांचं लसीकरण, पाण्याचा हिशेब हे सगळं इथल्या बोलीत, इथल्याच माणसांनी सांगणं ही थोडी गोष्ट नाही. पुण्याहून येणारा आवाज दूरचा होता. हा शेजारचा आहे.

मोबाइलमध्ये एएम लागत नाही. घरातले जुने सेट बंद पडले आणि मध्यम लहरींचा श्रोता त्यांच्याबरोबर कमी झाला. १९५६ साली मंडळात बसलेला वीस वर्षांचा तरुण आज नव्वदीच्या घरात आहे. पुणे जिल्ह्यात त्या दीडशेपैकी एखादं गाव तुमच्या माहितीतलं असेल, घरात तो माणूस असेल, तर त्याच्याकडून त्या संध्याकाळींची हकीकत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या आणि जवळच्या सामुदायिक केंद्राला नेऊन द्या. हे काम येत्या वर्षभरात झालं पाहिजे.