गुळवेल : परीक्षानळीपूर्वीची परीक्षा

कोरोनाच्या साथीत गुळवेलीला अचानक भाव आला. कडुनिंबावर, आंब्यावर, बांधाच्या कुंपणावर आपसूक चढणारी ही वेल प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी उकळली जाऊ लागली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या आधारे तिचे संकलन व विक्री उभी केली. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, मुंबईतील यकृततज्ज्ञांना यकृतदाहाचे सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, याची ओळख कोठे पटवली? २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. मंत्रालय मात्र खरी गुळवेल सुरक्षित असल्याच्या मतावर ठाम राहिले.

प्रयोगशाळेत औषधी वनस्पतीची पहिली चाचणी बहुधा ऑक्सिडीकरणरोधी गुणाची असते. डीपीपीएच या जांभळ्या द्रावणात अर्क मिसळतात; रंग पिवळसर होत जातो आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर ती घट मोजतात. चाचणी सोपी, स्वस्त. पण फिनॉलयुक्त पानसालीचा जवळजवळ कोणताही अर्क तीत उत्तीर्ण होतो. जीवाणुरोधी चाचणीत अगरच्या थरातील खाचेभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. मोठे वर्तुळ म्हणजे प्रभावी औषध नव्हे, कारण अर्क अगरमध्ये किती पसरतो यावरही ते अवलंबून असते. म्हणून वाढ रोखणारी किमान मात्राही पाहावी लागते.

विषारीपणासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवाची पिले वापरतात. निम्मी पिले मारणारी मात्रा दर मिलिलिटरला १,००० मायक्रोग्रॅमच्या आत असल्यास अर्क विषारी समजण्याचा प्रघात आहे. पुढे उंदरांवरील चाचण्या. तथापि मुंबईतील रुग्णांमध्ये दिसला तसा, मोजक्याच व्यक्तींत प्रतिकारयंत्रणा यकृतावर उलटण्याचा प्रकार या चाळणीत सहसा सापडत नाही. मूळ यकृतविकार वा स्वप्रतिकार विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय काढा घेऊ नये, हे गावोगावी सांगणे त्यामुळेच अगत्याचे.

आणि या सर्वांआधी नमुना कोणाचा, हा प्रश्न. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल. तिच्या कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांवर खालून दाट लव असते. जून गुळवेलीच्या सालीवरही वल्करंध्रे उठून दिसतात, त्यामुळे केवळ खोडावरून निवाडा करू नये. पान, फूल, फळ एकत्र पाहावे. तुकडे करून वाळवल्यावर हा पडताळा जवळपास हातचा जातो. पोत्यातली गुळवेल पाहून अनुभवी व्यापारीही फसू शकतो.

सबब तोडणीपूर्वी पाने व शक्य तेव्हा फुले-फळे असलेली फांदी दाबून वाळवावी, तिच्यावर गाव, आधारवृक्ष व तारीख लिहावी आणि तिची ओळख तज्ज्ञांकडून पटवून घ्यावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मालाच्या गठ्ठ्यावर त्याच नमुन्याचा क्रमांक टाकला, तर पुढे चाचणीत काही वावगे निघाल्यास ते कोणत्या बांधावरून आले हे शोधता येते.